किती घट्ट

पुंता अरेनासला वारा सुटला की
चौकाचौकात दोऱ्या बांधतात,
माणसांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.
एका हातानं मी दोरी धरायचो,
दुसऱ्या हातानं नाक.

हसलात तरी चालेल.
माझी बायको एर्मेलिंदा सगळ्यांच्या आधी हसली होती.

चाळीस वर्षं मेंढ्या भादरल्या, त्यातली निम्मी उघड्यावर.
इथल्या आभाळाला भोक पडलंय म्हणतात;
ऊन गार लागतं, आणि जाळतं.
आधी एक खपली. मग खपलीखालची खपली.
डॉक्टर म्हणाले, नाक जाईल, तुम्ही राहाल.
हिशेब बरा होता, मी मान हलवली.
पण जन्मभर नाकासमोर चाललेला माणूस,
आता वाट कुणाला विचारायची?

पहिलं नाक चष्म्याला जोडलेलं.
चष्मा घातला की होतं, काढला की नव्हतं.
भावाच्या मयतीला, देवळात,
डोळे पुसायला चष्मा काढला
आणि पुढच्या बाकावरचं पोर किंचाळलं.
तेव्हापासून रडायचं ते घरी.

दुसरं नाक गोंदाचं.
ते दानित्सा कुझ्मानिचनं केलं.
तिचा आजोबा जहाजं रंगवायचा, ही नाकं रंगवते;
माझ्या गालावरची फुटलेली लाल शीर
तिनं तशीच पुढे नाकावर नेली,
नदी नकाशाच्या घडीपलीकडे जाते तशी.
म्हणाली, कातडी आधी पूस. वाळू दे.
गोंद कडेला लाव, पातळ.
पांढरा आहे तोवर थांब, दिसेनासा झाला की ठेव,
आणि एकदाच ठेव, ही काही टोपी नाही.

मी घाईचा माणूस.
येर्बाच्या चहाची वाफ वर आली की गोंद मऊ व्हायचा.
हसलो की गालाजवळची कड उचलायची.
म्हणून हसणं सोडलं.
लोक म्हणाले, दुखण्यानं एलेउतेरिओ बारीया पोक्त झाला.
पोक्त कसला,
चिकटवलेला होतो.

मग हाडात तीन खिळे, टायटॅनियमचे.
चार महिने काही बसवायचं नाही, दानित्सा म्हणाली,
हाडाची ओळख पटायला वेळ लागतो.
चार महिने मी पट्टीमागे बसून राहिलो,
आणि आत, मला न विचारता,
हाड त्या परक्या धातूभोवती मूठ मिटत होतं.

आता खिळ्यांवर लोहचुंबक, नाकाच्या आत लोहचुंबक.
जवळ नेलं की ते स्वतःच जागा शोधतं.
टक्.
एवढासाच आवाज.
एर्मेलिंदा स्वयंपाकघरातून म्हणते, "आलास?"

रात्री साबणानं धुऊन डबीत ठेवतो.
एकदा तिची हरवलेली सुई
सकाळी नाकाच्या आतल्या बाजूला चिकटलेली सापडली.
डबी उघडी कुणी ठेवली यावर
आठवडाभर भांडलो.

मी दानित्साला म्हटलं, याहून जोरकस चुंबक दे,
मागाल्यानेसच्या वाऱ्याला पुरेल असं.
ती नाही म्हणाली.
"बर्फावर घसरून पडलास, तर आधी नाक सुटायला हवं.
नाक मी दुसरं करीन.
हाड कुठून आणू?"
मग पेन्सिल कानामागे खोचून
तिनं एक बारकं वजनाचं यंत्र पुढे ओढलं,
नाक खिळ्यांवरून उचललं, आकडा पाहिला, पुन्हा उचललं.
राहील इतकं घट्ट आणि सुटेल इतकं सैल,
यांच्यात किती जागा असते
ते ती ग्रॅममध्ये लिहीत होती.
मी एर्मेलिंदाचा विचार करत होतो. छत्तीस वर्षांचा.

परवा पुन्हा दोऱ्या बांधल्या.
कुणाचं तरी वर्तमानपत्र सामुद्रधुनीकडे उडत गेलं.
माझी टोपी गेली, तिच्यामागे एका म्हातारीची.
माझा हात सवयीनं वर गेला, नाकापाशी.
तिथं त्याला काही काम नव्हतं.
थोडा वेळ तसाच हवेत राहिला,
मग ओशाळून
खिशात गेला.